पप्पांची जीप, एकास चोवीस

"मग, या वीकेण्डला काय प्लॅन?"

शुक्रवारी संध्याकाळी हा प्रश्न येतोच. परवाही आला. आम्ही चौघीजणी एफसी रोडवर कॉफी पीत बसलो होतो. एक पहाटे उठून सिंहगड चढणार होती, दुसरी नव्या वेबसिरीजचे आठ एपिसोड एका दमात संपवणार होती, तिसरीच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. माझा नंबर आला. मी म्हटलं, "मडगार्डला पोचा पाडायचाय."

तिघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तू गाडी कधी घेतलीस?"

"घेतली नाही गं. बनवतेय. साडेसोळा सेंटिमीटरची आहे."

आता तुम्हीही तस्संच बघताय ना? थांबा, सांगते. मला गाड्या बनवायचा नाद आहे. स्केल मॉडेल्स. खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती, स्वतःच्या हातानं, तुकडा तुकडा जोडून. आणि हो, मी मुलगी आहे, पुण्यात राहते, फ्रीलान्स पत्रकार आहे, माझ्याकडे खरीखुरी कार नाही. पण मला कमांडर जीपच्या बॉनेटची कुलुपं कुठं असतात ते डोळे मिटून सांगता येतं.

एकास चोवीस म्हणजे काय?

आधी बेसिक फण्डा क्लिअर करू. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली की तिचं काम भागलं. स्केल मॉडेलमध्ये मात्र खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच आकड्यानं भागायचं. लांबी, उंची, आरसा, दाराची मूठ, सगळं. १:२४ म्हणजे खरी गाडी चोवीसपट मोठी. तुमच्या पार्किंगमधली 'सब-फोर मीटर' कार घ्या. (२००६च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि आपल्या अर्ध्या गाड्यांची शेपटी कापली गेली, ती हीच.) ती चार मीटरची गाडी १:२४ मध्ये साधारण साडेसोळा सेंटिमीटर होते, १:४३ मध्ये सव्वानऊ, आणि १:६४ मध्ये सव्वासहा, म्हणजे शर्टाच्या खिशात मावेल एवढी.

ज्यांना जोडायला आवडतं ते बहुतेक १:२४ किंवा १:२५ वर स्थिरावतात. डॅशबोर्डवरचे काटे रंगवता येतील इतकी ती मोठी असते आणि पुस्तकांच्या कपाटात मावेल इतकी लहान.

दुकानात किट मिळतं. खोका उघडला की आत गाडी नसतेच! प्लास्टिकच्या जाळीदार चौकटी असतात आणि त्यांना शंभरेक तुकडे लटकलेले असतात, झाडाला चिंचा लटकाव्यात तसे. एकेक तुकडा कापायचा, कापल्याची खूण घासायची, रंगवायचा, जोडायचा. जोडायला वापरतात तो गम खरं तर गम नसतोच. पाण्यासारखा पातळ असतो. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित वितळवतो आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात. सुकल्यावर जोड राहतच नाही, एकच तुकडा होतो. लग्नाच्या भाषणात वापरायला हरकत नाही.

या नादाचा इतिहासही जाम भारी आहे. इंग्लंडमध्ये लेस्नी नावाची कंपनी होती. तिथल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, खेळणं आणायचं तर काडेपेटीत मावेल एवढंच आणा. बापानं पितळेचा इवलासा रोडरोलर बनवून दिला. वर्गातली सगळी पोरं मागं लागली, आणि १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स'च्या गाड्या बाजारात आल्या. जपानच्या शिझुओकामधली टामिया १९४६ मध्ये सुरू झाली ती लाकूड कापायची गिरणी म्हणून. तिथून लाकडी मॉडेल्स, १९६० मध्ये प्लास्टिकची, आणि आज जगभरच्या मॉडेलवाल्यांच्या टेबलावर तिच्या दोन चांदण्या असतातच.

भातुकली ते बीटल

पण हे सगळं परदेशी खूळ आहे असं समजू नका. आपण मराठी माणसं तर जन्मजात स्केल मॉडेलवाले. भातुकली म्हणजे दुसरं काय? खरा पाटा-वरवंटा, खरा बंब, खरी जातं-उखळ, सगळं भागिले काहीतरी. दिवाळीतला किल्लासुद्धा मॉडेलच. फक्त त्यात स्केलचा आनंदीआनंद. मावळा दरवाज्यापेक्षा उंच आणि शेजारचा प्लास्टिकचा वाघ बुरुजाएवढा. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा असा किल्ला पाहिला तेव्हा मी हसत सुटले होते.

माझं गाव हिंगोली. पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नांदेडजवळ?" हो, नांदेडजवळ. परभणीतून १ मे १९९९ला वेगळा झालेला जिल्हा. तेव्हा मी दोन वर्षांची होते. आमच्याकडे किल्ले नव्हते, पण ज्वारी होती. सुगी झाली की आबा, म्हणजे माझे आजोबा, ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करून द्यायचे. धाटाची चिवट साल नखानं सोलायची, आतला पांढरा भुसभुशीत गर वेगळा काढायचा. सालीची साटी आणि दांड्या, गराचे बैल, आणि खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. एक पैसा खर्च नाही. पुढच्या आळीतली पोरं तुटक्या स्लिपरच्या गोल चकत्या कापून चाकं करायची आणि तारेची गाडी पळवायची. मला त्या चकत्यांचा जाम हेवा वाटायचा. आजी ओरडायची, "पोरीच्या जातीनं बोळकी मांडावीत, गाड्या काय करायलीस?" आबा काही बोलायचे नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी अजून एक गाडी तयार असायची.

याच टाकाऊ सामानातून विज्ञान शिकवता येतं हे अरविंद गुप्तांनी आख्ख्या देशाला दाखवलं. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी नि आगपेटीच्या काड्या यांच्यातून पोरांसाठी जोडकामाचा एक खेळच उभा केला. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काढली. २०१८ला पद्मश्री मिळाली. ते सगळं मी मोठेपणी वाचलं, आणि मला बाभळीचा काटा आठवला.

दसऱ्याला रामलीला मैदानावर मोठं प्रदर्शन लागायचं. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे, आमच्याकडे दिवाळीइतकीच त्याची वाट बघतात. तिथं मला एकदा पप्पांनी पत्र्याची जीप घेऊन दिली. दोन दिवसांत तिचं चाक निखळलं. मी ते काढून बघत बसले, अॅक्सल कसा बसवलाय ते. नाद तिथूनच लागला असणार.

मग दहावी, बारावी, पुणे, मास कॉमची डिग्री. नाद कुठल्या कुठे गेला. २०१८ मध्ये एका पुरवणीत नोकरी लागली. डेडलाइन, मेस, लोकल ट्रेनसारखी भरलेली पीएमटी, तुम्हाला काय वेगळं सांगायचं? ऑफिसातल्या एका सीनिअरनं वाढदिवसाला टामियाच्या १९६६च्या फोक्सवॅगन बीटलचं किट दिलं, १:२४ चं. "वेळ मिळेल तेव्हा कर." वेळ मिळाला तो २०२०च्या मार्चमध्ये. पुरवणी बंद झाली, नोकरी गेली, मी बॅगेत चार कपडे आणि ते किट कोंबून हिंगोलीला.

लॉकडाऊनमध्ये रंग कुठून मिळणार? मी अक्कल चालवली आणि बॉनेटला नेलपॉलिश लावलं. पाच मिनिटांत बॉनेटवर सुरकुत्या! नेलपॉलिशमधलं सॉल्व्हंट उघड्या प्लास्टिकला खातं, हा धडा मी असा शिकले. तेव्हा रडायचं बाकी राहिलं होतं. नोकरी गेल्यावर रडले नव्हते, बॉनेटवर रडायला आलं. मग घासलं, परत घासलं, आणि तासाभरानं लक्षात आलं की या तासाभरात मी एकदाही नोकरीचा विचार केला नाही.

पप्पांची वीत

आता मुद्द्याची गोष्ट. आमचे पप्पा काळी-पिवळी चालवायचे. हिंगोली ते औंढा नागनाथ. जीप महिंद्रा कमांडर. पुढे ड्रायव्हरसकट चार, मधे चार, मागे समोरासमोर सहा, आणि लटकणारे वेगळे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तर मोजूच नका. त्या जीपवर आमचं घर चाललं. २०१५ मध्ये मला पुण्यात अॅडमिशन मिळाली आणि त्याच महिन्यात जीप विकली गेली. का विकली, कितीला विकली, हे घरात कुणी बोललं नाही. मला कळत होतं. पप्पांना कळत होतं की मला कळतंय. पाच वर्षं तो विषय आम्ही दोघांनी शिताफीनं टाळला. पप्पा नंतर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायला लागले.

बीटल पूर्ण झाली, सुरकुत्यांसकट. पप्पांनी ती हातात घेतली, चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आपली जीप मिळती का यात?"

शोध शोध शोधलं. कमांडरचं १:२४ चं किट मला कुठंच मिळालं नाही. जगात फरारीची पन्नास मॉडेल्स मिळतील, पण ज्या गाडीनं अख्ख्या मराठवाड्याला बाजार, दवाखाना आणि कॉलेज दाखवलं तिचं काही नाही. मग एकच रस्ता उरतो. किटशिवाय, शून्यातून बनवणं. प्लास्टिकची पांढरी शीट आणायची, मापं काढायची, कापायची, जोडायची.

पण मापं कुठून आणणार? जीप तर विकलेली. फोटो एकच, मामाच्या लग्नातला, आणि त्यात जीपच्या पुढं अकरा नातेवाईक उभे. एक हेडलाइट आणि अर्धं बंपर तेवढं दिसतं.

म्हणून मी पप्पांना विचारायला लागले. पप्पा तसे अबोल. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" "हो." "बरं ठेवतो." पण सीट किती रुंद होती असं विचारलं की ते थांबायचे, दोन्ही हात हवेत धरायचे आणि सांगायचे, "दोन वीत अन् चार बोटं." स्टिअरिंग आणि छातीत किती अंतर? "वीतभर. माझं पोट नव्हतं तवा." आरसा? "तळहात अन् वर दोन बोटं."

शेवटी मी टेप आणला आणि पप्पांची वीतच मोजली. साडेएकवीस सेंटिमीटर. भागिले चोवीस, म्हणजे नऊ मिलिमीटर. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय: पप्पांची १ वीत = ९ मिमी. आख्खी जीप त्या मापावर उभी आहे.

गंमत बघा, पप्पांच्या त्याच रूटवर, औंढ्याजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल टिपायचा! आमच्या जिल्ह्यात एकीकडे ते मोजमाप आणि दुसरीकडे पप्पांची वीत. दोन्हीवर माझा सारखाच विश्वास आहे.

शून्यातून बनवताना एक गोष्ट कळली. सगळं भागता येत नाही. गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा धरा. भागिले चोवीस केलं तर तो कागदाहूनही पातळ होतो. तसा तुकडा हातात टिकणारच नाही. मग जाड शीट वापरायची आणि फक्त कडा आतून घासून पातळ करायची. डोळा कडेवरून ठरवतो, त्याला पत्राच वाटतो. हुडाच्या ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून पसरला. सुकला की थेट ताडपत्रीसारख्या चुण्या. हेडलाइटच्या काचा आजीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातल्या पारदर्शक फुग्यांच्या. काचेवरचं 'नागनाथ प्रसन्न' दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, कॉम्प्युटरवर काढून. आधी प्रिंटरनं वेलांटी खाल्ली, म्हणून सोळा वेळा प्रिंट.

पोचा कुठाय?

दोन वर्षं लागली. सलग नाही हो. मधे मी पुण्याला परतले, फ्रीलान्सिंग सुरू झालं, पेमेंटसाठी फॉलोअप करण्यात महिने गेले. रात्री लॅपटॉप बंद केला की अर्धा तास जीप. कधी आठवडाभर नुसती एक बिजागरी.

मागच्या दसऱ्याला ती डब्यात कापसात गुंडाळून गावी नेली. काळा रंग पाच पातळ हातांचा, वरून पिवळं हुड, पॉलिश करून आरशासारखी चमकवलेली. माझ्या मते परफेक्ट. पप्पांनी चष्मा लावला. जीप उजेडाकडं धरली, हळूहळू फिरवली, खालून बघितली. मी दहावीच्या रिझल्टची वाट बघावी तशी उभी.

"चांगली हाय," पप्पा म्हणाले. "पण आपली न्हाई ही."

"काहून?"

"पोचा कुठाय? मागल्या डाव्या मडगार्डचा."

खरंच की! मागच्या डाव्या मडगार्डला तळहाताएवढा पोचा होता. मी विसरले होते, किंवा मुद्दाम सोडून दिला असेल, माहीत नाही. सुंदर मॉडेल करायच्या नादात मी शोरूममधली जीप बनवली होती. "बैलगाडी धडकली होती ना?" मी म्हटलं. घरात आम्हाला हेच माहीत होतं.

पप्पा थोडे हसले. "बैलगाडी कशाची? मीच ठोकली."

मग कळलं. जून २०१३. माझा दहावीचा रिझल्ट. मी नेट कॅफेतून पप्पांना फोन केला होता, एक्क्याण्णव टक्के. पप्पा तेव्हा स्टॅण्डवर गाडी मागं घेत होते. फोन कानाला, गाडी रिव्हर्समध्ये, आणि मागं विजेचा खांब. "बाकीचे ड्रायव्हर हसले असते. म्हणून बैलगाडी सांगितलं."

"मग दुरुस्त का नाही केला? एवढुसा तर होता."

"राहू दिला," पप्पा म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

त्या रात्री जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं, जीप कुणाला विकली, कितीला, आणि तो माणूस घ्यायला आला तेव्हा पोचा दाखवून त्यानं भाव पाडायचा प्रयत्न कसा केला. "म्या म्हटलं, घ्यायची तर पोच्यासकट घे." आई हसत होती. दहा वर्षं जो विषय आम्ही टाळला तो पोळी-भाजीबरोबर निघाला, आणि कुणाला काही झालं नाही. मी नुसतं सॉरी म्हणायला गेले असते तर पप्पा उठून हात धुवायला गेले असते, हे नक्की.

म्हणून लोक विचारतात ना, "एवढ्या वेळात काय मिळतं तुला?", तेव्हा मला ही जीप आठवते. गाडी छोटी करायची तर ती आधी नीट बघावी लागते. आणि जी गोष्ट समोर नाही ती बघायची तर ज्यानं ती बघितलीय त्याच्या शेजारी बसावं लागतं.

हा नाद वयानं संपतही नाही. कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. बी. एस. जोशी, म्हणजे भाऊ जोशी, यांनी आयुष्यभर हा एकच छंद जपला आणि १ एप्रिल १९९८ला तो लोकांसाठी खुला केला. मी गेले होते तेव्हा समोर एक अख्खं शहर पळत होतं. आगगाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कसचा तंबू आणि रस्त्यांवर इवल्या गाड्या. माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांचा नातू उभे होते. दोघांची तोंडं सारखीच उघडी.

ट्राय करायचंय?

मग एवढं ऐका. पहिलं किट सोपं घ्या आणि तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या गाडीचं घ्या. १:२४ चं चांगलं किट साधारण तीन-चार हजारांत येतं. महाग वाटतं, पण ते दोन-तीन महिने पुरतं. मल्टिप्लेक्सचा हिशोब करून बघा.

हत्यारं फार लागत नाहीत. एक बारीक साइड कटर, एक कटर ब्लेड, चिमटा, आणि हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर, ४०० पासून २००० नंबरपर्यंत. तुकडे हातानं पिळून तोडू नका, पांढरी जखम राहते.

रंगाचा एक जाड हात देण्याऐवजी चार पातळ द्या. आधी प्रायमर. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा. आणि पुण्या-मुंबईच्या जुलैमध्ये चकचकीत रंग मारायची घाई करू नका, हवेतल्या ओलीनं तो पांढुरका पडतो.

झटपट चिकटणारा गम काचेच्या तुकड्यांना लावू नका. त्याच्या वाफेनं काच धुरकटते. तिथं साधा पांढरा फेव्हिकॉल बेस्ट.

पार्ट खाली पडणार. शंभर टक्के पडणार. तेव्हा लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च फरशीला समांतर धरा. इवल्याशा आरशाचीही लांबलचक सावली पडते. त्याआधी घरच्यांना झाडू मारू देऊ नका.

आणि शेवटचं. रात्री एक तास झाला की थांबा. दमलेला हात दोन आठवड्यांचं काम दोन सेकंदांत मोडतो. ही डेडलाइन नाही. कुणी बॉस विचारणार नाही. अर्धवट गाडी टेबलावर महिनाभर राहिली तरी ती कुठं पळून जात नाही.

तर माझा पोचा. तळहाताएवढा, म्हणजे एकास चोवीसमध्ये चार मिलिमीटर. नुसता खड्डा पाडून चालत नाही, पत्रा दबल्यासारखा दिसायला हवा. आधी मडगार्ड आतून घासून पातळ करायचं, मग गरम चमच्याची ऊब द्यायची आणि बॉलपेनच्या गोल टोकानं हळूच दाबायचं. सरावासाठी फालतू प्लास्टिकची तीन मडगार्डं बनवली. पहिलं फाटलं, दुसरं वितळलं. तिसऱ्याचा फोटो काल रात्री पप्पांना व्हॉट्सअॅपवर पाठवला.

सकाळी व्हॉइस मेसेज आला. मागं कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजतोय आणि पप्पा म्हणतायत, "थोडा खाली घे. अन् कडेला रंग उडालेला होता, तेवढं ध्यानात ठेव."

तेव्हा मंडळी, या वीकेण्डला मी बिझी आहे. तुमचं काय?